पाना फिरला पाहिजे

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने माझ्यापुढे मोबाईल धरला. लहानशा गेमिंग कॉम्प्युटरसाठी त्याने सामानाची यादी केली होती. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, सगळं. डबा इवलासा, बजेट त्याहून इवलंसं, आणि हे सगळं एकमेकांत बसेल का, हा त्याचा प्रश्न. मी खरेदी विभागातला माणूस. तीन दरपत्रकं मागवायची आणि सगळ्यात स्वस्त असेल ते घ्यायचं, एवढंच मला आयुष्यभर जमलं. तरी मी त्याला म्हणालो, आधी पुठ्ठा आण. तो हसला. मी हसलो नाही. मला कुंदाताई लेले आठवल्या होत्या, आणि त्या आठवल्या की मला आधी दमल्यासारखं होतं आणि मग जरा बरं वाटतं.

कुंदाताईंची माझी ओळख झाशीची. बदलीवर मी तिथे सहा वर्षं होतो. आमचा कारखाना गावाबाहेर, मोठमोठे ट्रान्सफॉर्मर बनवणारा. कुंदाताई तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात होत्या. आम्ही महाराष्ट्रातून आलेले लोक झाशीला पोस्टिंग म्हणायचो आणि त्या घर म्हणायच्या. त्यांचे कोणी पूर्वज मराठ्यांच्या राज्यात पौरोहित्याला म्हणून आले आणि परत जायचं राहून गेलं, असं त्या सांगायच्या. ते सांगतानाही कपाळावर आठी, जणू त्या पूर्वजाने रजेचा अर्ज वेळेत दिला नव्हता. खंडेराव गेटजवळ दोन खोल्यांत त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंता राहायचे. दोघांचंही लग्न झालेलं नाही. मराठी अशी की ‘फडताळ’ आणि ‘मतलब’ एकाच वाक्यात सुखाने नांदायचे. ऑफिसात त्या लेले मैडम. वसंता त्यांना जिज्जी म्हणायचा, कारण झाशीत मोठ्या बहिणीला सगळे तेच म्हणतात.

अंगाने किरकोळ, सुती साडी, पर्समध्ये सहा इंची स्टीलची पट्टी. चष्म्याची एक काडी मोडलेली आणि तिला ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगला गुंडाळतात ती पांढरी सुती टेप गुंडाळलेली. मी झाशीला गेलो तेव्हा ती टेप होती आणि निघालो तेव्हाही होती. कोणतंही काम समोर आलं की त्या पहिलं वाक्य म्हणायच्या, “बसू या का जरा?” सुरुवातीला मला वाटायचं बाई कामचुकार असावी. नंतर कळलं की बसल्यावरच त्यांचं काम सुरू व्हायचं. बसून त्या त्या वस्तूकडे इतका वेळ बघत राहायच्या की समोरच्याला घाम फुटावा.

त्यांच्या हिसक्याची पहिली चव मला कपाटाने दिली. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर मिळालं आणि मी हौसेने लोखंडी कपाट घेतलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, जिन्याचं वळण मोजलं का? मी म्हणालो, दार मोजलंय. त्या म्हणाल्या, उद्या येते, तोवर आणू नका. मी कशाला थांबतोय? त्याच संध्याकाळी चार हमालांनी कपाट उचललं आणि पहिल्या वळणावर ते असं अडकलं की वर जाईना, खाली येईना. दोन दिवस बिल्डिंगमधली माणसं त्याच्याखालून वाकून जात होती आणि वाकताना माझ्या खानदानाची विचारपूस करत होती. रविवारी कुंदाताई आल्या. कपाटाच्या मापाचा पुठ्ठा कापून आणला होता. जिन्यात बसल्या, पुठ्ठा आडवा, उभा, तिरका फिरवला आणि म्हणाल्या, कठड्याच्या खांबावरचा गट्टू काढा आणि कपाट डोक्यावर उभं करा. कपाट वर गेलं. मी आभार मानायला लागलो तर म्हणाल्या, “वस्तू बसली म्हणजे झालं नाही, पाटणकरजी. पाना फिरला पाहिजे.”

हे त्यांचं ब्रीद होतं. बोल्ट कागदावर नेमका बसतो, पण तो आवळायला पाना घातला तर फिरायला जागा नसते, आणि मग साइटवरचा फिटर आराखडा काढणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. म्हणून प्रत्येक गोष्टीचा खऱ्या मापाचा पुठ्ठा करायचा, तो हातात घेऊन फिरवायचा, बोटभर जागा सोडायची आणि मगच हो म्हणायचं. ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आल्यावरही त्यांनी पुठ्ठा सोडला नाही. तरुण पोरं पाठीमागे त्यांना डिब्बेवाली मैडम म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. खोकी कुठे मिळतात हे त्या त्याच पोरांना विचारायच्या.

त्यांचं खरं काम होतं ट्रान्सफॉर्मर पोचवायचे आराखडे काढणं. तयार ट्रान्सफॉर्मर रेल्वेच्या बुटक्या वॅगनवरून जातो. पण तो जसाच्या तसा जात नाही. डोक्यावरची चिनी मातीची लांबलचक बुशिंग काढतात, जिथून वीज आत-बाहेर जाते ती. बाजूचे रेडिएटर काढतात. ते सगळं वेगळ्या पेट्यांतून जातं आणि उरते ती नुसती टाकी. ही टाकी वाटेतल्या पुलांखालून आणि प्लॅटफॉर्मच्या कडांमधून जाईल की नाही, हे कुंदाताई कागदावर सांगायच्या. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. वॅगन पोचल्याचा फोन येईपर्यंत त्यांचा जेवणाचा डबा अर्धाच संपायचा.

वसंता मालगाडीचा ड्रायव्हर. एकदा योगायोगाने बहिणीच्या आराखड्याची वॅगन त्याच्या गाडीला लागली. गावाबाहेरच्या पुलापाशी कुंदाताई भर उन्हात छत्री घेऊन उभ्या राहिल्या आणि हा मुंगीच्या पावलांनी गाडी घेऊन खालून गेला. घरी येऊन म्हणाला, जिज्जी, तुझा डबा बोटभर अंतराने निघाला. ही गोष्ट मी दोघांच्याही तोंडून निदान दहादा ऐकली. दोघं ती सांगताना एकमेकांची वाक्यं पुरी करायचे.

कुंदाताई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात वसंताचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. साखरेने. नोकरी आधीच सुटली होती. माणूस बडबड्या, पण पाय गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. मी दोनचारदा गेलो, त्याने मान हलवली, एवढंच. मग पुढच्या वैशाखात उजव्या पायाची बोटं काळी पडायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हाही पाय घ्यावा लागेल. फार तर दोन आठवडे थांबू शकतो, नाहीतर विष वर चढेल आणि मग माणूस हाती लागणार नाही. वसंता नाही म्हणाला. एक पाय दिला, दुसरा देणार नाही. कुंदाताई रडल्या, रागावल्या, देवाचं झालं, नातेवाइकांचे फोन झाले. तो भिंतीकडे बघत राहिला.

दुसऱ्याच दिवशी कोणीतरी त्याच्या हातात मोबाईल दिला आणि त्यात त्याने एक व्हिडिओ पाहिला. कॉम्प्युटरवरचा रेल्वे चालवायचा खेळ. आपलेच रूळ, आपलेच सिग्नल, कोणा हौशी मुलांनी झाशी ते बीना हा अख्खा रस्ता त्यात बनवलेला. बबीना, बसई, तालबेहट, ललितपूर. आयुष्यभर तो त्याच रस्त्यावर होता. त्याने तो तीनदा पाहिला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं. म्हणाला, “जिज्जी, एकदा बीनापर्यंत गाडी नेऊ दे. मग काय कापायचं ते कापा.”

कुंदाताईंचा मला फोन आला तो असा, की पाटणकरजी, तुम्ही खरेदीतले आहात, मला खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचा आहे. मला आधी वाटलं उन्हाचा त्रास झाला असावा. मग त्यांनी सगळं सांगितलं आणि मी स्कूटर काढली.

अडचण जागेची होती. वसंताच्या खाटेशेजारचं टेबल औषधं, बँडेजं आणि जखमेच्या सामानाने भरलेलं. ते हलवायचं नाही. उशीजवळ भिंतीत एक फडताळ होतं, पूर्वी तिथे रेडिओ असायचा. कॉम्प्युटर बसेल तर त्यातच. पडदा म्हणून समोरच्या भिंतीवरचा टीव्ही चालणार होता, तेवढे पैसे वाचले. पण त्या खेळाला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि जवळ होते सगळे मिळून पन्नास हजार. डबा जितका लहान तितकं त्यातलं सामान महाग, हे मला त्या दिवशी कळलं. खरेदी विभागात इतकी वर्षं काढून मला वाटायचं लहान म्हणजे स्वस्त.

त्यानंतर आम्ही बाजारातल्या साहूजींच्या दुकानाच्या वाऱ्या सुरू केल्या. साहूजी कॉम्प्युटरचं सामान विकणारे, ढेरपोटे, सोशिक. पहिल्या दिवशी कुंदाताईंनी फडताळाच्या मापाचं खोकं नेलं. दुसऱ्या दिवशी त्यात बसणाऱ्या कॅबिनेटचा पुठ्ठा. तिसऱ्या दिवशी पर्समधून पत्ते काढावेत तसे मदरबोर्ड, रॅम, पंखा, वीज पुरवणारा एसएमपीएस, सगळ्यांचे पुठ्ठे काढून काउंटरवर मांडले. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव आणि माप. मागचं गिऱ्हाईक खोळंबलेलं. साहूजी म्हणाले, “काय मैडम जी, आज फिर नाप लैबे आईं?” पुन्हा माप घ्यायला आलात का, असं विचारून त्यांनी निमूटपणे स्टूल पुढे केलं, कारण आता बाई बसणार हे त्यांना कळून चुकलं होतं.

स्थळ पाहावं तसं त्यांनी एकेक सामान पाहिलं. या प्रोसेसरचं या मदरबोर्डशी जमतं का? या मदरबोर्डला जुन्या जातीची रॅम चालते की नवीच लागते? जुनी स्वस्त आहे, मग जुनी चालणारा बोर्ड घ्या. प्रोसेसर मागच्या पिढीचा घ्या, गाडीच चालवायची आहे. त्यावरचा पंखा उंच असला तर झाकण लागणार नाही, बुटका दाखवा. एसएमपीएस लहान आकाराचाच लागेल, इथे पैसे वाचवायचे नाहीत, हा पेटला तर माझा भाऊ शेजारी झोपलेला आहे. साहूजींनी एक कार्ड दाखवलं, ताकदीचं आणि स्वस्त. मी लगेच हो म्हणालो, स्वभावाला औषध नाही. कुंदाताईंनी त्याच्या मापाचा पुठ्ठा तिथल्या तिथे कापला आणि पुठ्ठ्याच्या कॅबिनेटमध्ये घालून दाखवला. तो बोटभर बाहेर येत होता. मग त्यांनी आखूड कार्ड निवडलं, जरा जाड, थोडं महाग. पुठ्ठा बसला, फिरला, बोटभर जागा उरली. या सगळ्यात पाच दिवस गेले. आखूड कार्ड दिल्लीहून यायला तीन.

रोज संध्याकाळी त्या घरी जाऊन आधी वसंताच्या पायावरचं बँडेज सोडून बघायच्या. मग परत बांधायच्या. मी तो पाय एकदाच पाहिला.

नवव्या दिवशी सकाळी सामान जुळवलं. जमिनीवर चादर घालून त्या बसल्या, समोर पुठ्ठ्याचा अख्खा कॉम्प्युटर. त्यातून एकेक पुठ्ठा काढायचा आणि खऱ्या कॅबिनेटमध्ये त्या जागी खरा भाग बसवायचा. स्क्रू मी द्यायचा. वसंता कुशीवर वळून बघत होता. सगळं बसलं. प्रत्येक स्क्रूला स्क्रूड्रायव्हर नीट फिरला. मी मनात म्हटलं, धन्य बाई. आणि मग बाजूचं झाकण लागेना.

कार्डाला वीज देणारी जी जाड वायर होती, तिचा प्लग कार्डाच्या कडेवर लागत होता आणि झाकणाच्या बाजूला बाहेर येत होता. वायर ताठ, वळायला तयार नाही. झाकण आणि डबा यांत दोन बोटांची फट. कुंदाताई बघत राहिल्या. बसलेल्याच होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, वायरच आहे मैडम, दाबा. हे मी म्हणालो. त्यांनी वसंताकडे पाहिलं, तो कोपरावर उठून बसला होता. त्यांनी दाबलं. मी स्क्रू पिळले. झाकण जरा फुगलेलं राहिलं, पण लागलं, आणि डबा फडताळात गेला.

टीव्हीवर झाशी स्टेशन दिसलं तेव्हा वसंताने दोन्ही हात कीबोर्डला लावून कपाळाला लावले. मग त्याने बहिणीला शेजारी बसायला सांगितलं. इंजिनात दोघं असतात. ड्रायव्हर सिग्नल बघून मोठ्याने रंग सांगतो आणि असिस्टंटने तो परत सांगायचा असतो, म्हणजे चूक होत नाही. तो म्हणाला, “सिग्नल हरा.” कुंदाताई चष्म्याची काडी धरून म्हणाल्या, “हरा.” गाडी निघाली. मी दारात उभा होतो. बबीना गेलं, बसई गेलं. तालबेहटच्या अलीकडे त्याने कुठल्याशा वळणाला कोणता मुकादम राहायचा ते सांगितलं. त्याचा आवाज परत आला होता. दर सिग्नलला तो म्हणायचा आणि त्या म्हणायच्या.

ललितपूरच्या अलीकडे पडदा काळा झाला. पंखे फिरत राहिले, पण समोर काही नाही. बंद करून चालू केलं, तरी नाही. वसंताचे हात बराच वेळ कीबोर्डवर तसेच होते. मग तो एवढंच म्हणाला की त्याने आजवर मधेच गाडी सोडली नव्हती. आणि भिंतीकडे वळला. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेतला, तोही ढकलून दिल्यासारखा. मला माझाच राग येत होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी कुंदाताईंनी झाकण उघडलं तेव्हा मी होतो. दाबामुळे प्लग तिरका होऊन अर्धा सुटला होता, आणि प्लास्टिकला तापल्याचा वास येत होता. कार्ड शाबूत होतं, नशीब. त्या डब्यासमोर बसल्या आणि कार्डाचा पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट करत राहिल्या. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, जाडी बरोबर. मग म्हणाल्या, मी प्लग धरलाच नाही. असा कसा धरला नाही? मी खाली पडलेले स्क्रू वेचायला लागलो. बोललो असतो तर माझं दाबा म्हणणं बाहेर आलं असतं.

उत्तर भिंतीकडून आलं. वसंता न वळता म्हणाला, “जिज्जी, तू बुशिंग कधी धरलीस? ती पहुँचने के बाद लागतात ना.”

कुंदाताईंनी पुठ्ठा खाली ठेवला. एकतीस वर्षं त्यांनी ट्रान्सफॉर्मर काढले ते बुशिंगशिवाय. जे पोचल्यावर जोडायचं ते मापात धरायचं नाही, हा आमच्या कारखान्याचा नियम, आणि तो त्यांच्या हातात इतका मुरला होता की कार्डाचा पुठ्ठा कापताना त्यांनी त्यावरचा प्लग आपोआप वगळला. झाशीतल्या इतर कोणाकडून ही चूक झाली नसती. साहूजींकडून तर नाहीच, ते मापच घेत नव्हते. कुंदाताईंना हसू आलं. वसंताची पाठ हलली, तोही हसत असावा. मग त्यांनी नवा पुठ्ठा घेतला आणि यावेळी प्लग, वायर आणि वायरचं वळणसुद्धा कापून चिकटवलं.

झाकण नुसतं काढून ठेवता आलं असतं, मी तसं सुचवलं. पण वैशाखातली लू, खिडकीतून येणारी धूळ, आणि त्या फडताळात राहणारी पाल यांच्यापुढे उघडा डबा दोन दिवस टिकला नसता. शिवाय वसंताचा हात उशीवरून सरळ फिरत्या पंख्यात गेला असता. दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी बिजौलीला नेलं. तिथल्या एका लहान शेडमध्ये पत्र्याचं काम करणारा एक मिस्त्री होता. त्याला त्यांनी पुठ्ठा दिला आणि सांगितलं, भोकांचा पत्रा घे, म्हणजे हवा खेळेल, आणि इथे दोन बोटं फुगवटा काढ. मिस्त्री म्हणाला, संध्याकाळपर्यंत देतो. त्या म्हणाल्या, मी इथेच आहे.

शेडबाहेर एक पालथा ड्रम होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. “बसू या का जरा?” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ते वाक्य नुसतं दमलेल्या बाईचं वाटलं. चेहरा एवढासा झाला होता. मी विचारलं, थकलात का? त्यांनी पर्समधली पट्टी काढून पदराने पुसायला घेतली. पुसता पुसता म्हणाल्या, “मी जन्मभर पोचेपर्यंतचंच काढलं, पाटणकरजी. पोचल्यावर काय, ते दुसऱ्यांचं काम होतं.” मग म्हणाल्या, “पाय कापायला त्याच्या मागे लागले, रोज लागले. कापल्यावर तो घरी कसा राहील, हे मी एकदाही बसून बघितलं नाही. तो नाही म्हणणारच ना?”

मी जाऊन टपरीवरून दोन ग्लास पाणी आणलं.

झाकण संध्याकाळी मिळालं. डबा आता एका बाजूने पोट आल्यासारखा दिसत होता. पण फडताळात कुंदाताईंनी हवेसाठी चार बोटं जागा सोडलेली होती, त्यातली दोन त्या पोटाने घेतली आणि डबा सहज आत गेला. तेराव्या दिवशी सकाळी नऊला गाडी पुन्हा झाशीहून सुटली. हरा. हरा. पिवळा आला तेव्हा दोघांचे आवाज जरा खाली आले. तालबेहट गेलं. ललितपूर आलं तेव्हा कुंदाताईंचा एक हात फडताळातल्या डब्यावर होता, ताप बघावा तसा. ललितपूर गेलं. पुढे वसंता बोलायचा थांबला आणि नुसती गाडी चालवत राहिला. बीनाच्या प्लॅटफॉर्मवर त्याने गाडी इतकी हळू लावली की ती कधी थांबली ते मला कळलंच नाही.

तो हात पुसत राहिला. मग बहिणीला म्हणाला, “गाडीला पाय लागलेच नाहीत, जिज्जी.” आणि थोड्या वेळाने, “उद्या जाऊ या.”

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलमध्ये गेले. ऑपरेशन झालं. दोन दिवस धाकधुकीचे गेले, तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाचला. त्याच आठवड्यात माझ्या बदलीची ऑर्डर आली. सरकारी कारभाराला असले मुहूर्त बरोबर सापडतात. सामान बांधून झाल्यावर मी निरोप घ्यायला हॉस्पिटलमध्ये गेलो. वसंता झोपला होता आणि कुंदाताई तिथे नव्हत्या. नर्स म्हणाली, घरी काही मोजायला गेल्या आहेत.

घराचं दार उघडं होतं. मधल्या दारात कुंदाताई एक भलामोठा पुठ्ठा आडवा धरून उभ्या होत्या. टीव्हीची आणि फ्रिजची खोकी जोडून केलेला. व्हीलचेअरचा खऱ्या मापाचा पुठ्ठा होता तो, वरून बघितल्यावर दिसेल तसा. बैठक, दोन मोठी चाकं, पुढे पायांची जागा कापून टाकलेली. आणि दोन्ही बाजूंना टेपने चिकटवलेले दोन त्रिकोण. मी विचारलं, हे काय?

“कोपरं,” त्या म्हणाल्या. “चाकं तो स्वतः फिरवणार, मतलब कोपरं बाहेर येणार.”

मी दुसरी बाजू धरली. पुठ्ठा दारात घातला. खुर्ची गेली आणि दोन्ही कोपरं चौकटीला अडली. कुंदाताईंनी पट्टी काढून माप घेतलं, चौकटीवर दोन्हीकडे पेन्सिलीची खूण केली आणि म्हणाल्या की सुतार बोलवावा लागेल, इकडून दोन बोटं, तिकडून दोन. मग आम्ही उंबरठ्यावर बसलो, पुठ्ठा मधे ठेवून. चहा विचारायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही आणि मलाही नको होता. मी माझ्या बदलीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिकडच्या घराचा जिना आधी मोजा.

मी निघालो. गल्लीच्या वळणावर मागे वळून पाहिलं. उघड्या दारातून आतलं दिसत होतं. कुंदाताई पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवून मधल्या दारात परत आल्या होत्या. दोन्ही हात कमरेशी धरून, कोपरं बाहेर काढून, त्या अगदी हळू एकट्याच त्या दारातून जाऊन बघत होत्या.